आठ पाहुणे, फ्रेंच जेवण आणि टेबलावर बसलेली मी

घरी फ्रेंच जेवण करतेय म्हटलं की नागपुरात पहिला प्रश्न हाच येतो, अगं पण सामान मिळतं का इथे? मिळतं ना. कांदा, आलू, वांगी, टमाटर, लसूण, लोणी, अंडी, कोंबडा, संत्री, यातलं काय मिळत नाही नागपुरात? झुकिनी आणि सेलरी थंडीत गोकुळपेठ मार्केटमध्ये मिळून जाते, वाळलेला थाईम सुपरमार्केटमध्ये असतो, आणि ऑलिव्ह ऑइल आता साध्या किराणा दुकानातही दिसतं. फ्रेंच म्हणजे महागडं आणि मोठ्या प्लेटमध्ये चिमूटभर, हा समज मोठ्या हॉटेलांमुळे झालाय. घरातलं फ्रेंच जेवण म्हणजे बरंचसं शेतकऱ्याच्या घरचं जेवण, म्हातारा झालेला कोंबडा, शिळा ब्रेड, बागेतल्या भाज्या आणि दुधाची साय.

अडचण असेल तर ती वाढण्याची आहे, आणि मला त्याबद्दलच लिहायचंय, रेसिपी त्या ओघात येतीलच.

नवऱ्याच्या कामामुळे आम्ही काही काळ फ्रान्समध्ये लिऑं शहरात राहिलो. शेजारी एक आजी होत्या, सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहायच्या आणि कधी कधी रविवारी दुपारी आम्हाला जेवायला बोलवायच्या. पदार्थ काय असायचे ते मी हळूहळू शिकले पण त्याआधी माझ्या लक्षात आलं की या बाई आमच्यासोबत बसून जेवतात! पहिल्या घासापासून कॉफीपर्यंत. मध्ये उठायच्या, ओव्हनमधून भांडं काढून टेबलावर ठेवायच्या आणि परत बसून अर्धवट राहिलेली गोष्ट पुढे सुरू करायच्या. मी माझ्या आईला पाहुण्यांसोबत बसून जेवताना लहानपणी जवळजवळ कधीच पाहिलं नाही. ती गॅसजवळ उभी, गरम पोळी तव्यावरून थेट ताटात, आग्रह करकरून वाढायचं, आणि सगळ्यांचं झाल्यावर स्वयंपाकघरात दोघी-तिघी बायका उरलंसुरलं घेऊन बसायच्या. त्या गरम पोळीत खूप माया आहे, मी ती मनापासून मानते, पण त्या मायेची किंमत ती बाई गप्पांना मुकून देते हेही खरंय. म्हणून मी ठरवलं की जेवायला बोलवीन ते असंच बोलवीन, की सगळं आधी शिजलेलं असेल आणि मी टेबलावर असेन.

यात एक इतिहासही आहे जो मला फार आवडतो. एकामागून एक पदार्थ आणायची ही पद्धत मुळात फ्रेंच नाहीच. आधी फ्रान्समध्ये मोठ्या मेजवानीत एका फेरीचे सगळे पदार्थ एकदमच टेबलावर मांडायचे, म्हणजे आपलं ताट जसं डावी-उजवी बाजू भरून एकदम समोर येतं साधारण तसंच. एकेक पदार्थ वाढायची रीत रशियाकडून आली, एकोणिसाव्या शतकात ती फ्रान्समध्ये रुजली, तिला आजही रशियन पद्धतच म्हणतात. आणि 2010 मध्ये युनेस्कोने फ्रेंच लोकांच्या अशा साग्रसंगीत जेवणाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं तेव्हा कुठल्या एका पदार्थाला घेतलं नाही, घेतलं ते एकत्र बसण्याला, क्रमाने खाण्याला, टेबल मांडण्याला. आधी अपेरितीफ म्हणजे थोडं काही प्यायला आणि तोंडात टाकायला, मग सुरुवातीचा पदार्थ, मग मुख्य जेवण, मग चीज, मग गोड. मला वाटतं की जी रीत त्यांनी दुसऱ्यांकडून घेऊन आपली केली ती आपणही घेऊ शकतो, आणि त्यासाठी आपलं ताट टाकून द्यावं लागत नाही.

आता दिवस. फ्रान्समध्ये 2 फेब्रुवारीला शांदलर नावाचा सण असतो, त्या दिवशी घरोघरी क्रेप म्हणजे मैद्याची पातळ धिरडी करतात, आणि आपल्याकडे त्याच सुमाराला मृग बहाराचा संत्रा बाजारात यायला लागतो, हवेत रात्रीचा गारवा असतो, ओव्हन तासन्‌तास चालू ठेवला तरी घर तापत नाही. म्हणून फेब्रुवारीचा पहिला आठवडा. वार मात्र नीट बघावा लागतो, शनिवार म्हटलं की अर्ध्या लोकांचा मारुती, गुरुवारी कोणाचे गजानन महाराज तर कोणाचे साईबाबा, सोमवारी महादेव. रविवार सगळ्यांना चालतो. संध्याकाळी सातला या म्हटलं, म्हणजे सोमवारी ऑफिस असलं तरी दहा-साडेदहापर्यंत निवांत बसता येतं.

आठ पाहुण्यांपैकी तीन जण शाकाहारी, त्यातली एक अंडंही खात नाही, आणि एक मैत्रीण वाईनचा थेंबही नको म्हणणारी. अशा वेळी शाकाहारी लोकांसाठी बाजूला काहीतरी पनीरचं करून ठेवायचं मला पटत नाही, पाहुण्याला आपण वेगळ्या पंगतीत बसलोय असं वाटायला नको. म्हणून सूप, रातातुई म्हणजे वांगी-टमाटरची भाजी, आलूचं ग्रातँ, सॅलड, चीज हे सगळं सर्वांसाठी सारखं, आणि कोंबडा तेवढा खाणाऱ्यांसाठी वेगळ्या भांड्यात. अंडं फक्त क्रेपमध्ये.

कांद्याचं सूप. हे पॅरिसच्या ले आल या जुन्या बाजाराशी जोडलेलं आहे, रात्रभर माल वाहणारे लोक पहाटे हे गरम सूप प्यायचे, जसे आपल्या कॉटन मार्केटला पहाटे हमाल तर्री पोह्यावर उभे असतात. तो बाजार 1969 मध्ये शहराबाहेर रुंजीसला हलवला, सूप मात्र राहिलं. आठ जणांना दोन किलो कांदा लागतो, हो दोन किलो, शिजून तो मूठभर होतो. उभा पातळ चिरायचा, जाड बुडाच्या पातेल्यात लोणी आणि थोडं तेल, आधी झाकण ठेवून पाणी सुटू द्यायचं, मग झाकण काढून मंद आचेवर तासभर, कधी त्याहून जास्त. साखर घालायची नाही, कांद्यात स्वतःचीच भरपूर असते, ती हळूहळू तपकिरी होत जाते आणि घरभर असा वास सुटतो की खालच्या काकू विचारायला वर आल्या, काय करून राहिली गं? बुडाला जे तपकिरी चिकटतं ते थोडं थोडं पाणी शिंपडून खरवडून परत कांद्यातच मिसळायचं, चव तिथेच असते. मोठी आच करून दहा मिनिटांत लाल केलेला कांदा इथे चालत नाही, तो बाहेरून लाल आणि आतून कच्चा राहतो.

मग एक चमचा मैदा, आणि वर स्टॉक, म्हणजे भाज्या उकळून गाळलेलं पाणी. तो मी आदल्या दिवशी केला होता, दोन भाग कांदा, एक भाग गाजर, एक भाग सेलरी, हे फ्रेंच स्वयंपाकाचं जुनं प्रमाण आहे, सोबत मशरूमचे दांडे, तमालपत्र, मिरे आणि थाईम. थाईम नसेल तर घाबरायचं कारण नाही, थाईममध्ये जो थायमॉल असतो तोच आपल्या ओव्यातही असतो, अगदी दोन-चार दाणे ओवा चालतो, जास्त झाला तर मात्र सगळं ओव्याचंच लागेल. मूळ सूपमध्ये पांढरी वाईन घालतात, मी ती न घालता शेवटी चमचाभर व्हिनेगर घातलं. वाढताना वाटीत सूप, त्यावर कडक भाजलेला ब्रेड, त्यावर किसलेलं चीज, आणि ओटीजीच्या वरच्या कॉइलखाली चीज फसफसेपर्यंत.

चीजबद्दल एक महत्त्वाचं. खरं ग्रुएर आणि कोंते चीज करताना दूध विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, म्हणजे शाकाहारी माणसाला ते चालणार नाही, आणि बहुतेकांना हे माहीत नसतं. म्हणून घरी शाकाहारी पाहुणे असतील तर पाकिटावर हिरवा ठिपका बघून घ्यायचा. अमूलचं एमेंटाल या सूपवर छान वितळतं, आणि फ्रान्समध्येही रोजच्या स्वयंपाकात किसलेलं एमेंटालच सगळ्यात जास्त दिसतं, त्यामुळे ही काही तडजोड नाही.

रातातुई हा नीस शहराचा, दक्षिणेकडचा पदार्थ. त्यांच्याकडे तो भर उन्हाळ्यातला, पण विदर्भात वांगी आणि टमाटर दोन्ही थंडीत बहरात असतात त्यामुळे आपल्याकडे हा हिवाळ्यातच करावा. वांगं मुळात आपल्याकडचं, अरबांमार्फत तिकडे पोचलं, टमाटर आणि शिमला मिरची अमेरिकेतून आलेली, आणि आता याच पदार्थाशिवाय नीसची ओळख पुरी होत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक भाजी वेगळी परतायची. वांगं वेगळं, झुकिनी वेगळी, शिमला मिरची वेगळी, टमाटर लसूण घालून वेगळा आटवायचा आणि मग शेवटी सगळं एकत्र करून अर्धा तास मंद आचेवर. वेळखाऊ आहे हे मान्य, पण एकदम घातलं की त्याची मिक्स भाजी होते, आणि वेगळं परतलं की प्रत्येक घासात वांगं वांग्यासारखं लागतं. हळद नाही, तिखट नाही, मोहरीची फोडणी नाही. दुपारी करून ठेवलं आणि रात्री कोमट वाढलं, ते मुरल्यावरच चांगलं लागतं.

तिखटाचं बोलायलाच हवं कारण आपण सावजीच्या गावात राहतो. एका मित्राने आधीच फोन करून विचारलं, ठेचा ठेवशील ना? मी नाही ठेवला. ठेचा माझा जीव की प्राण आहे, पण एकदा जिभेवर भिवापुरी मिरची आली की लोणी, थाईम, साय, वाईन यांच्या चवी त्या रात्रीपुरत्या संपतात. मिरपूड ठेवली, ताजी कुटलेली, ती मूळ पदार्थांतही असते. त्याच मित्राने कोंबडा दोनदा घेतला आणि ठेच्याचं नावही काढलं नाही.

तर कोंबडा. कॉक ओ व्हँ म्हणजे वाईनमधला कोंबडा, फ्रान्सच्या बुरगोन्य भागाचा पदार्थ, आणि तो नागपुरात का जमतो ते मला सांगायचंय. हा पदार्थ म्हाताऱ्या कोंबड्यासाठीच जन्माला आला, ज्याचं मांस चिवट असतं आणि ज्याला तासन्‌तास शिजवावं लागतं. अशा पक्ष्याच्या सांध्यांत आणि कातडीखाली कोलॅजन भरपूर असतं, ते हळूहळू विरघळून रश्श्याला दाटपणा देतं, ओठ चिकटतात असा रस्सा होतो. ब्रॉयलर कोंबडी पाच-सहा आठवड्यांची असते, ती अडीच तास उकळली तर तिचे धागे होतात. आज फ्रान्समध्येही शहरात म्हातारा कोंबडा सहज मिळत नाही, लोक कोंबडीवरच भागवतात, आणि आपल्याकडे गावरान कोंबडा आजही बाजारात जिवंत उभा असतो! मी दुकानदाराला म्हटलं की दादा, मोठा द्या, म्हातारा असला तरी चालेल, तर तो म्हणाला, ताई, कुकरमध्ये बी दमवेल हा तुम्हाला. तसाच हवा होता.

आदल्या रात्री तुकडे नाशिकच्या लाल वाईनच्या एका बाटलीत, गाजर, कांदा, लसूण, तमालपत्र, थाईम घालून फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी तुकडे काढून पुसून कोरडे केले, ओले असले की ते लाल होतच नाहीत, नुसते वाफवतात. लोणी आणि तेलात चांगले लाल केले, थोडा मैदा भुरभुरला, गाळलेली वाईन एक उकळी आणून वर ओतली, थोडा स्टॉक, आणि झाकण लावून अगदी बारीक आचेवर अडीच तास. यात मुळात बेकन असतं, आईला ते घरात चालत नाही म्हणून घातलं नाही, त्याऐवजी मशरूम जास्त घेतले. मशरूम आणि छोटे सांबार कांदे शेवटी वेगळे परतून घातले म्हणजे ते गळून जात नाहीत. (इथे सांबार कांदे म्हणजे सांबारात घालतात ते, आपल्या नागपुरी सांबाराशी, म्हणजे कोथिंबिरीशी, त्यांचा संबंध नाही.)

वाईन शिजवली की दारू सगळी उडून जाते असं सर्रास सांगतात, ते पूर्ण खरं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने दिलेल्या तक्त्यानुसार अडीच तास मंद उकळल्यावरही साधारण 5 टक्के अल्कोहोल उरतं, आणि पंधराच मिनिटं शिजवलं तर 40 टक्के. म्हणून ज्यांना धर्मामुळे, तब्येतीमुळे किंवा व्रतामुळे चालत नाही त्यांना आधी स्पष्ट सांगायचं आणि निर्णय त्यांच्यावर सोडायचा. वर्ध्याहून आलेल्या माझ्या मैत्रिणीला मी फोनवरच सांगितलं होतं, ती म्हणाली मी आलूच खाईन, आणि तिने खरंच सगळ्यात जास्त आलूच खाल्ले.

ते आलू म्हणजे ग्रातँ दोफिन्वा, आल्प्सच्या पायथ्याच्या दोफिने भागातलं, याचा लिखित उल्लेख 1788 पासून आहे. दीड किलो आलू पातळ चकत्या करून, आणि चिरल्यावर धुवायचे नाहीत, त्यांचा स्टार्चच दूध आणि साय घट्ट करतो. भांड्याला लसणाची पाकळी चोळायची, जायफळ, मीठ, मिरपूड, अर्धं दूध अर्धं क्रीम, आणि 160 डिग्रीवर सव्वा तास. मी क्रीममध्ये घरची म्हशीच्या दुधाची साय फेटून घातली, त्याने फार सुंदर झालं. पारंपरिक ग्रातँमध्ये चीज नसतं, आणि ते नसावंच असं माझंही ठाम मत आहे.

सॅलड साधंच, लेट्यूस आणि व्हिनेग्रेट, तीन भाग तेल एक भाग व्हिनेगर. त्यात दिजों मोहरी लागते, मी आपली राई भिजवून वाटून फेसून घेतली, दिजोंची मोहरी आणि आपली राई जवळजवळ एकच जात आहे त्यामुळे तो नाकात जाणारा झणका अगदी तस्साच. सॅलड मुख्य जेवणानंतर येतं, त्याने तोंड स्वच्छ होतं. मग दोन प्रकारचं चीज, फ्रिजमधून आधीच काढून ठेवलेलं. आणि ब्रेड पहिल्यापासून शेवटपर्यंत, प्लेटमध्ये नाही तर थेट टेबलक्लॉथवर ठेवायचा, त्यानेच रस्सा पुसून खायचा. पोळीने वाटी पुसणाऱ्या आपल्या लोकांना हे शिकवावं लागलं नाही.

या सगळ्यात मला फक्त उठायचं होतं ते सूपवरचं चीज वितळवायला, भांडी टेबलावर आणायला आणि क्रेप गरम करायला. दोन पदार्थांच्या मध्ये पंधरा-वीस मिनिटं जाऊ दिली. सुरुवातीला सगळ्यांना ते विचित्र वाटलं, आपल्याकडे रिकामी प्लेट समोर असली की यजमानाला घाई होते आणि पाहुण्याला संकोच. आई तर दोनदा उठली, तू बस मी वाढते म्हणत, तिला हात धरून बसवलं. पण मुळ्याच्या चकत्या, लोणी आणि मीठ, एवढ्याच साध्या अपेरितीफवर अर्धा तास गप्पा झाल्यावर सगळ्यांचा वेग आपोआप बदलला. कोंबड्यापर्यंत पोचलो तेव्हा नवऱ्याचा कॉलेजचा मित्र नोकरी सोडून गावाकडची शेती बघायचा विचार करतोय हे त्याने पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं. आम्ही दर महिन्यात भेटतो, पण ताट अर्ध्या तासात संपतं आणि मग सगळे मोबाईल काढतात. आणि आई, जी कधी पाहुण्यांत बसत नाही, तिने 1970 च्या दशकातल्या, नागपूरच्या महाल भागातल्या त्यांच्या वाड्याच्या गोष्टी सांगितल्या, त्यातल्या कितीतरी मी स्वतः ऐकल्या नव्हत्या.

गोडाला क्रेप सुझेत. 250 ग्रॅम मैदा, अर्धा लिटर दूध, 4 अंडी, 50 ग्रॅम वितळलेलं लोणी, हे मिश्रण तासभर झाकून ठेवायचं आणि नॉनस्टिक डोसा तव्यावर पातळ घालायचं. दुपारीच करून एकावर एक रचून ठेवले. सॉससाठी लोक मोठी माल्टा जातीची संत्री शोधत बसतात, पण ऑग्युस्त एस्कॉफिए या थोर फ्रेंच शेफच्या कृतीत मँडरिनचा रस आहे, आणि आपला नागपुरी संत्रा मँडरिनच आहे, 2014 मध्ये त्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. एकच काळजी, रस आयत्या वेळी काढायचा आणि बिया चिरडू द्यायच्या नाहीत, नागपुरी संत्र्याचा रस ठेवला की त्यातल्या लिमोनिनमुळे कडू होत जातो. साखर आधी कोरडीच तांबूस केली, त्यात रस, थोडी किसलेली साल, मग लोणी, आणि घडी घातलेले क्रेप त्यात सोडले. जिला अंडं नको तिला त्याच सॉसमध्ये सोललेल्या फोडी, वर साय. दारू ओतून पेटवायचा प्रकार केला नाही, त्याने चवीत फार फरक पडत नाही असं माझं मत आहे.

दुसऱ्या दिवशी उरलेला कोंबडा आदल्या रात्रीपेक्षा चांगला लागला, रस्सा फ्रिजमध्ये जेलीसारखा घट्ट झाला होता. रातातुई पोळीसोबत डब्यात गेली. हाडं, गाजराचे शेंडे, सेलरीची पानं सगळं उकळून स्टॉक फ्रीझरमध्ये ठेवलाय. मे महिन्यात 45 डिग्रीत ओव्हन तीन तास लावायची सोय नाही, त्यामुळे तेव्हा थंड मेन्यू करायचाय, आलू आणि लीकचं (कांद्याच्या जाड पातीसारखी भाजी) थंड सूप, दुपारीच गार करून ठेवलेली रातातुई, आणि गोडाला फ्रान्सच्या लिमुझँ भागातलं क्लाफुती, म्हणजे अंड्या-दुधाच्या घोळात फळं घालून भाजलेलं गोड, फक्त चेरीच्या जागी आंबा. वर्ध्याच्या मैत्रिणीने तिच्या घरच्या झाडाचे आंबे आणायचं कबूल केलंय, आणि आईने तिच्या दोन मैत्रिणींना आत्ताच सांगून ठेवलंय.